रविवार, रान आणि सायकल



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले, की तो महागाई, बोनस आणि बंद पडलेल्या गिरण्या यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. ते विषय महत्त्वाचे आहेतच. पण मनुष्य कामावर असताना काय भोगतो याचा विचार चळवळीला जसा करावा लागतो, तसा काम संपल्यावर तो कोठे जातो याचाही करावा लागतो. म्हणून आज रानवाटेवरच्या सायकलीचा विषय घेतला आहे. इंग्रजीत ज्याला 'माउंटन बायकिंग' म्हणतात तो हा खेळ. डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या, जंगलातल्या मातीच्या वाटेने जाड टायरची सायकल चालवणे, एवढाच त्याचा अर्थ. हा खेळ निघाला कसा, त्याचे यंत्र कसे चालते, त्याला वाट कशी लागते, आणि आपल्या बोरिवलीच्या जंगलात त्याला जागा द्यावी की नाही, असे चार प्रश्न मी क्रमाने घेणार आहे.

परळ, लालबाग, गिरगाव या भागांना सायकल काही नवी नाही. दूधवाला, पाववाला, पेपरवाला, धोबी, सगळे सायकलवरच आले. आपल्याच वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० साली कायदा करून सरकारने तो ताब्यात घेतला, पुढे तो बंद पडला, आणि आज तेथे सायकल होत नाही. परंतु आपल्या लोकांनी सायकल पाहिली ती कामाची वस्तू म्हणून. मागे कॅरिअर, पुढे दांड्यावर मूल, हँडलला डबा. अशी सायकल हौसेने डोंगरात न्यावी, ही कल्पना आपल्याकडे अलीकडेच आली.

ती जेथून आली, तेथेही ती फार जुनी नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतात सान फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मॅरिन नावाचा परगणा आहे व त्यात टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काळात तेथील काही तरुणांनी भंगारातून तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जड सायकली उचलल्या. त्यांचे टायर जाड होते, आणि पायडल उलटे फिरवले की मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक लागे. या सायकली घेऊन ते डोंगरावरून खाली सुटू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास अंतर, आणि उतार सुमारे १,३०० फुटांचा. एवढ्या उतारावर ब्रेक इतका तापे की तुंब्यातले ग्रीस जळून त्याचा धूर होई. प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेला 'रिपॅक' हे नाव पडले, आणि ते आजही चालू आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा खेळ एखाद्या मोठ्या कंपनीच्या कचेरीत जन्मला नाही. जो ब्रेक पुन्हापुन्हा जळतो तो बदलावा, जो दांडा मोडतो तो नवा जोडावा, अशा खटपटीतून तो घडला. १९७७ साली जो ब्रीझ याने केवळ याच कामासाठी म्हणून सायकलीचा सांगाडा स्वतःच्या हातांनी जोडून तयार केला. टॉम रिची, गॅरी फिशर, चार्ल्स केली ही त्याच मंडळींतली नावे. कारखान्यांनी तो माल मोठ्या प्रमाणावर काढला तो १९८१ पासून पुढे. आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ सामीलही झाला. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षे लागली. कारागिराच्या हाताने उभी केलेली वस्तू पुढे मालकाच्या नावाने विकली जाते, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. त्याचा विस्तार मी करीत नाही.

आता यंत्राकडे वळू. साध्या सायकलीपेक्षा या सायकलीत मुख्य फरक तीन: टायर, गिअर आणि चिमटा.

टायरचे गणित सोपे आहे. सायकल आणि स्वार मिळून वजन ९० किलो धरा. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो असेल, तर दोन्ही टायर मिळून सुमारे २६ चौरस सेंटिमीटर जागेवर जमिनीला टेकतात. तोच दाब निम्मा केला, तर टेकण्याची जागा दुप्पट होते, म्हणजे सुमारे ५१ चौरस सेंटिमीटर. जागा वाढली की सुट्या मातीवर चाक घसरत नाही, आणि मातीच्या प्रत्येक बोटभर तुकड्यावर येणारा भारही कमी होतो. पण बारीक टायरमध्ये हवा कमी केली, तर दगड आदळताच रिम वाकते आणि ट्यूब चिरडते. म्हणून टायर जाड करावा लागतो. त्यावरचे रबरी खिळे मातीत रुततात आणि चढावर पकड देतात.

दुसरा गिअर. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते असे धरू. पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच फेऱ्या घेते, आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे उत्तम. चढावर मात्र प्रत्येक फेरीला एवढे अंतर ओढण्याची ताकद पायात नसते, म्हणून आपण उतरून सायकल ढकलतो. डोंगरी सायकलीला पुढे ३२ दाते आणि मागे सर्वांत मोठे चक्र ५० दात्यांचे असले, तर एका फेरीला सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. अंतर चौथाईच्या आसपास येते, आणि पायाला लागणारा जोरही त्याच मानाने उतरतो. गिअरमुळे ताकद वाढते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. काम तितकेच करावे लागते, फक्त ते लहान लहान हप्त्यांनी फेडता येते. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको!

तिसरा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन दांडे. १९८९ च्या सुमारास मोटारसायकलीप्रमाणे या दांड्यांत धक्के शोषण्याची सोय होऊ लागली. तिचा मुख्य उपयोग असा, की खडबडीत जमिनीवर चाक उड्या न मारता जमिनीला चिकटून राहते. जे चाक हवेत आहे त्याला ब्रेकही लावता येत नाही आणि वळवताही येत नाही. पुढे चकतीचे ब्रेक आले आणि ग्रीस जळण्याचा प्रश्न सुटला.

यंत्र तयार झाले. परंतु यंत्रापेक्षा वाट अधिक महत्त्वाची आहे, आणि याच ठिकाणी पुष्कळ उत्साही लोकांची गाडी अडते. त्यांना वाटते, जंगल आहे, डोंगर आहे, आता वाट करायला काय लागते? चार जण एका मागून एक गेले की वाट झाली! अशी वाट होते खरी, पण ती टिकत नाही. वाटेचा खरा शत्रू चाक नव्हे, पाऊलही नव्हे. पाणी हा तिचा खरा शत्रू आहे.

मनुष्य घाईत असला की उताराच्या रेषेत सरळ वर किंवा सरळ खाली जातो. पाणीही तसेच जाते. माणसाची वाट आणि पाण्याची वाट एक झाली, की पहिल्याच पावसात वाटेचा ओढा होतो. माती वाहून जाते, दगड उघडे पडतात. मग येणारा मनुष्य चिखल टाळण्यासाठी बाजूने जातो, त्याच्या मागचा आणखी बाजूने जातो, आणि हातभर रुंदीची वाट पाहता पाहता बैलगाडीच्या रस्त्याएवढी पसरते. म्हणून जाणकार वाट काढतात ती डोंगराच्या अंगाला आडवी. त्यांचे काही ठोकताळे आहेत. वाटेचा चढ हा त्या डोंगराच्या चढाच्या निम्म्याहून अधिक नसावा. म्हणजे डोंगर शंभर फुटांना चाळीस फूट चढत असेल, तर वाटेने वीस फुटांच्या आत राहावे. सबंध वाटेची सरासरी शंभराला दहाच्या वर जाऊ नये. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला असावा, म्हणजे पाणी वाटेवरून धावणार नाही, ती ओलांडून निघून जाईल. आणि थोड्याथोड्या अंतरावर वाटेला मुद्दाम एक बुडी द्यावी, म्हणजे जे पाणी वाटेला लागले असेल ते तेथे बाहेर पडेल.

ही विद्या परदेशातून आणावी लागते असे नाही. आपल्या कान्हेरीला जाऊन पाहा. तेथे शंभरावर लेणी आहेत. डोंगराच्या अंगावर कोरलेल्या पायऱ्या आणि पाण्याचे पाट अजून शाबूत आहेत. पावसाचे पाणी पायरीवर न साचता पाटात जाते आणि पाटातून कुंडात उतरते. या कुंडाला तेथील जुन्या शिलालेखांत 'पोढी' म्हणतात. त्याच लेखांत कल्याणच्या नंद नावाच्या एका लोहाराने पथ दान केल्याची नोंद आहे. कोणी श्रेष्ठीने लेणे दिले, कोणी कुंड दिले, आणि एका लोहाराने वाट दिली. वाट हीसुद्धा दान देण्याजोगी, नाव कोरून ठेवण्याजोगी वस्तू आहे, हे त्या काळच्या कारागिराला कळत होते.

आता चाकाने वाट अधिक नासते की पावलाने, हा वाद. पायी फिरणारे म्हणतात, सायकलवाले जंगलाची नासाडी करतात. सायकलवाले म्हणतात, घोडे आणि माणसेही करतात. या बाबतीत अभ्यास झालेले आहेत. १९९४ साली अमेरिकेतल्या मॉन्टाना प्रांतात विल्सन आणि सेनी या दोघांनी वाटेचे तुकडे भिजवून, त्यांवरून घोडे, माणसे आणि सायकली नेऊन, किती माती सुटते ते मोजले. भिजलेल्या वाटेवर खुरांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा अधिक माती सुटी केली. २००१ साली कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात थर्स्टन आणि रीडर यांनी जंगलातल्या झाडोऱ्यावर दोन्ही प्रकारांचा परिणाम पाहिला. तो जवळजवळ सारखाच आढळला.

म्हणजे सायकलवाले निर्दोष सुटले का? सरसकट नाही. सायकलवाला एका सकाळी पायी माणसाच्या कितीतरी पट अंतर तोडतो, म्हणून दर फुटाला नुकसान तेवढेच असले, तरी एकूण नुकसान वाढते. शिवाय उतारावर ब्रेक आवळून चाक घासत नेणे हे वाटेवर नांगर फिरवण्यासारखेच आहे. आणि ते प्रयोग परदेशातल्या जंगलांत झाले. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्या काळात आपल्या तांबड्या मातीवरून चाकही जाऊ नये आणि थव्याथव्याने पावलेही जाऊ नयेत, हे सांगायला प्रयोगाची गरज नाही.

इतके समजून घेतल्यावर बोरिवलीच्या दाराशी येऊ. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे जंगल आहे. त्याचे आरंभीचे नाव कृष्णगिरी, आणि कान्हेरी हा त्याचाच अपभ्रंश. साग, ऐन, खैर, पळस, कदंब अशी झाडे, आणि आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी. ती २०१६ साली फुलली होती आणि २०२४ साली पुन्हा फुलली. दोन कोटींच्या घरातली वस्ती भोवताली आणि मध्ये असे रान, हा प्रकार जगात फार थोड्या ठिकाणी आढळतो. मुख्य दारापासून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटरांचा डांबरी रस्ता आहे, आणि दाराशी भाड्याने सायकली देण्याची सोय उद्यानाने केली आहे. हौशी माणसाने त्या रस्त्याने जरूर जावे. प्रश्न आहे तो डांबर सोडून आत शिरणाऱ्या वाटांचा. तेथे परदेशातल्यासारखे सायकलवाटांचे जाळे विणावे, अशी इच्छा तरुण मंडळींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचा विचार करताना या जंगलात आपल्याआधी कोण कोण आहे ते पाहिले पाहिजे.

पहिले आहे आपलेच पाणी. विहार तलाव १८६० साली पुरा झाला आणि मुंबईला नळाचे पाणी प्रथम मिळाले ते त्या तलावातून. १८७९ साली तुळशी झाला. आज शहराच्या एकूण पाण्यात या दोघांचा वाटा लहान आहे. पण विहिरी आणि तळी यांवर जगणारे गिरगाव आणि भायखळा नळावर आले, ते याच डोंगरांच्या उपकाराने. तलावांवरच्या उतारावर वाटा फोडल्या तर माती थेट तलावात जाईल. टॅमलपायस डोंगराचीही गोष्ट अशीच आहे. त्याच्या मोठ्या भागाची मालकी तेथील पाणीखात्याकडे. जेथे हा खेळ जन्मला, त्याच डोंगरावर पाणीखात्याने सायकलींना अरुंद पायवाटा बंद केल्या, रुंद अग्निरस्ते मोकळे ठेवले, आणि वेगाची मर्यादा ताशी १५ मैलांवर आणली. त्या देशात १९६४ च्या कायद्याने ज्या जंगलांना अस्पर्श रान म्हणून राखले, त्यांत यांत्रिक वाहतुकीला बंदी आहे, आणि १९८४ पासून वनखात्याने तीत सायकलही धरली. खेळाचे माहेर असलेल्या देशानेही सगळे रान खेळाला दिलेले नाही.

दुसरे रहिवासी बिबटे. कॅमेरे लावून २०१५ साली मोजणी झाली तेव्हा ३५ बिबटे दिसले. पुढच्या मोजण्यांत संख्या वाढलेली आढळली. २००४ च्या सुमारास उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांनी मोठा हाहाकार उडाला होता. तो ओसरला, कारण वनखाते, अभ्यासक आणि रहिवासी यांनी मिळून बिबट्याबरोबर कसे राहायचे ते शिकून घेतले. पायी चालणारा मनुष्य बोलत, पाला तुडवत जातो. जनावराला चाहूल लागते आणि ते बाजूला होते. सायकल मात्र निःशब्द आणि वेगाने येते. २०१६ साली मॉन्टानात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ एक सायकलस्वार वळणावर वेगाने आला आणि अस्वलावर आदळला. अस्वलाने त्याला ठार केले. अशा वेळी दोष जनावराला देता येत नाही. पण एका माणसाचा बळी गेला, की मारा, पकडा, हलवा, ही ओरड सुरू होते आणि पुष्कळ वर्षांच्या शहाणपणावर पाणी पडते.

तिसरे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, तेथील माणसे. रावणपाडा, चुनापाडा, तुमणीपाडा, नवापाडा हे पाडे उद्यानात आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी असे लोक या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. ज्याला आपण 'ट्रेल' म्हणतो ती बहुतेक ठिकाणी त्यांच्या बायकांनी पाण्यासाठी, सरपणासाठी, शाळेसाठी पाडलेली वाट असते. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर हजारो झोपड्या उठल्या. जंगल वाचले पाहिजे हे खरेच होते. पण ज्यांची घरे गेली त्यांत माझ्या-तुमच्यासारखेच हातावर पोट असलेले लोक होते, हेही खरे होते. २००६ साली वनहक्कांचा कायदा आला, तरी पाड्यांतल्या लोकांना वीज, पाणी आणि कायमचा हक्क यांसाठी खेटे घालावे लागतात. ज्या जंगलात आदिवासीला चुलीसाठी काटकी वेचताना भय वाटते, त्याच जंगलात शहरातल्या हौशी माणसाच्या पाऊण लाखाच्या सायकलीसाठी वाट तयार करून द्यावी, हा न्याय मला पटत नाही. आपल्याही पटू नये.

यावर कोणी म्हणेल, मग वेल्स देशात सरकारच्याच जंगलात सायकलवाटांचे जाळे कसे उभे राहिले? कोएड-अ-ब्रेनिन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९९० नंतरच्या दशकात तेथे खास सायकलीसाठी वाटा बांधल्या, आणि पुष्कळ लोक येऊ लागले. पण ते जंगल लाकडासाठी ओळीने लावलेले, तोडायचे आणि पुन्हा लावायचे, असे आहे. त्याची तुलना राष्ट्रीय उद्यानाशी करणे म्हणजे उसाच्या फडाची तुलना देवराईशी करण्यासारखे होईल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात परवान्यावाचून कोणाला शिरता येत नाही, आणि तो नियम योग्य आहे.

मग लालबागच्या चाळीतल्या मुलाने काय करायचे? घरी बसायचे? येथे मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणीकामगारांना संघटित केले, आणि अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. रविवार आकाशातून पडलेला नाही. तो मिळवलेला आहे. परंतु सुट्टी मिळाली म्हणजे विश्रांती मिळाली असे होत नाही. विश्रांतीला जागा लागते. गिरणगावात गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमात असे होते, की जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी. २००१ साली नियम बदलला आणि इमारती उभ्या असलेली जमीन या वाटणीतून वगळली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. परिणाम काय झाला, ते परळच्या पुलावर उभे राहिले की दिसते. मोकळ्या जागेचा तो तृतीयांश पूर्ण मिळाला असता, तर आज पोरांना पाय मोकळे करायला बोरिवलीच्या बिबट्याच्या दारात जावे लागले नसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की राष्ट्रीय उद्यानाच्या आत नवी सायकलवाट काढू नये. कान्हेरीच्या रस्त्यापुरती सायकल असावी, तीही दिवसाउजेडी. उद्यानाभोवती डिसेंबर २०१६ मध्ये संवेदनशील पट्टा जाहीर झाला आहे. त्यात जे जुने, मोडके रस्ते आहेत, त्यांतले मोजके रस्ते पाड्यांतल्या लोकांना विचारून, पावसाळ्यात बंद ठेवून, सायकलींना खुले करता येतील. त्यांची देखभाल करणारा रोजंदारीवर न राहता कायम नोकरीत असावा, आणि ती नोकरी पहिल्याने पाड्यातल्या तरुणाला मिळावी. सायकलवाल्यांच्या संघांनीही हात लावावा. अमेरिकेत १९८८ साली वाटा बंद होऊ लागल्यावर सायकलवाल्यांनी संघटना केली, आणि तिने मागण्यांच्या बरोबर फावडीही हातात घेतली. ज्याला वाट हवी त्याने तिच्यावर श्रमदान करावे, हे आपल्यालाही शिकता येईल.

दुसरे, शहराच्या पोटात जागा करावी. हे अशक्य नाही, याचा पुरावा माहीमला आहे. महाराष्ट्र निसर्ग उद्यान जेथे आहे तेथे पूर्वी शहराचा कचरा पडत होता. त्या ३७ एकर उकिरड्यावर झाडे लावली, आणि १९९४ साली ते रान लोकांना खुले झाले. कचऱ्यावर रान उगवते, तर गिरणीच्या आणि बंदराच्या पडीक जमिनीवर मातीचे चार उंचवटे, दोन वळणे आणि शे-दोनशे झाडे का उभी राहू नयेत? अशी वाट करायला एकही वृक्ष तोडावा लागत नाही आणि एकाही जनावराची झोप मोडत नाही. भाड्याच्या सायकली तेथे ठेवल्या, तर ज्याच्या घरी सायकल ठेवायला जागाच नाही अशा दहा बाय दहाच्या खोलीतल्या मुलीलाही डोंगर चढल्याचा आनंद मिळेल. हा खेळ भंगारातल्या सायकलींवर सुरू झाला, हे विसरू नये. त्याला मोठी रक्कम लागते, ही समजूत विकणाऱ्यांनी करून दिलेली आहे.

श्रोतेहो, आज डोंगराच्या खालून बोगदे काढले जात आहेत. ठाणे ते बोरिवली आणि गोरेगाव ते मुलुंड अशा दोन मार्गांचे बोगदे या उद्यानाच्या पोटातून जातात. १३ जुलै २०२४ रोजी त्यांच्या कामाचे समारंभही झाले. वरचे रान शाबूत राहील असे सांगितले जाते. ते राहावे म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावे लागेल, आणि त्यासाठी शहरातल्या माणसाचा जंगलाशी काही संबंध असावा लागेल. ज्याने रान पाहिलेच नाही तो त्याच्यासाठी भांडणार नाही. सायकल हा तो संबंध जोडणारा एक स्वस्त आणि निरुपद्रवी मार्ग होऊ शकतो. अट एवढीच, की कोठे चालवायची आणि कोठे उतरून हातात धरायची, हे सायकलस्वाराला कळले पाहिजे.

आपल्या पालिकेच्या प्रभागात मोकळ्या जागेचा आराखडा लागेल तेव्हा त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, आणि मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते. त्या वेळी 'येथे मुलांसाठी मातीची सायकलवाट हवी' एवढे एक वाक्य शंभर सह्यांनिशी गेले, तरी आजचे हे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.